घोडी बैलाच्या दावणीला बांधू नका

गोठ्यातल्या गोष्टी

मार्गशीर्षातली पौर्णिमा झाली, दत्तजयंतीचा प्रसाद वाटून झाला, की आमच्या धरणगावाकडच्या रस्त्यांवर आठ-पंधरा दिवस एक नवेच दृश्य दिसते. टेंपोत उभी राहून, मान बाहेर काढून घोडी चाललेली असतात. ही सगळी सारंगखेड्याच्या यात्रेची खरेदी. तापीच्या काठचे हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा ते नंदुरबारकडे गेले. एकमुखी दत्ताच्या यात्रेला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाबकडचे व्यापारी जनावरे घेऊन येतात. आपल्याकडची हौशी मंडळी, वरातीला घोडी देणारे आणि टांगेवाले तिथून जनावर घेऊन घरी परततात.

मागच्या यात्रेनंतरची गोष्ट. आमच्या आळीतला एक तरुण सकाळीच दारात आला. "आप्पा, घोडी लई ऊनू. देखाले चाला," म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. कापसाच्या सगळ्या हंगामाचे पैसे आणि वर थोडे उसने, एवढे त्याने त्या घोडीवर लावले होते. लग्नसराईत घोडी वरातीला द्यायची, पैसे सुटतील तसे फेडायचे, असा त्याचा हिशेब.

मी गेलो. घोडी देखणी होती. कपाळावर चांद, कान आतल्या बाजूला वळलेले. पण ती बांधली होती बैलांच्या दावणीला, दोन बैलांच्या मधोमध. गव्हाणीत बैलांसाठी टाकलेला कडबा, त्यावर सरकीची पेंड आणि शेजारी मक्याच्या दाण्यांची अर्धी पाटी. तरुणाची आई कौतुकाने म्हणाली, "प्रवासाने दमली आहे, म्हणून आज जरा जास्तच घातले."

मी पाटी उचलून बाजूला ठेवली. त्या माउलीचा चेहरा उतरला. मग ओट्यावर बसून मी त्या दोघांना एक जुनी हकिगत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो, कारण चूक त्यांची एकट्यांची नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपले हात बैलावर बसलेले आहेत. घोडे घरात आले की आपण त्यालाही बैलच समजतो.

नळकांडे माझ्याच हातात होते

माझ्या वडिलांची एक घोडी होती. शेतावर जायला, बाजाराला जायला ते तीच वापरत. एका वर्षी हरभऱ्याच्या खळ्यावर ती सुटली आणि तिने मनसोक्त दाणे खाल्ले. रात्री ती अस्वस्थ झाली. पुढच्या पायाने जमीन खरडू लागली, वळून वळून कुशीकडे पाहू लागली, आडवी पडून लोळू लागली. अंगावर घाम.

घरात धावपळ झाली. बैलाचे पोट फुगले की काय करायचे हे आम्हांला तोंडपाठ होते. गोडेतेल, हिंग, ओवा, काळे मीठ एकत्र केले. वडिलांनी आणि चुलत्यांनी घोडीचे तोंड वर धरले आणि बांबूचे नळकांडे मी तिच्या जबड्यात घातले. ती डोके झटकत होती. बरेचसे बाहेर सांडले. मधेच तिला जोराचा ठसका लागला आणि नाकपुड्यांतून तेल आले. "गेले पोटात," असे कोणीतरी म्हणाले. आम्ही पुन्हा एक नळकांडे भरले.

पहाटे घोडीने लीद टाकली. पोट उतरले. आम्ही सगळे खूश. औषधाला गुण आला म्हणून मी दिवसभर मिरवलो. पण तिसऱ्या दिवशी तिचा श्वास भात्यासारखा चालू लागला. नाकातून घाण वासाचे पाणी येऊ लागले. चारा तिने सोडलाच. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांना बोलावणे धाडले. ते आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि हलक्या आवाजात विचारले, "तेल कोणी पाजले?"

पाचव्या दिवशी घोडी गेली. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या दुखण्यातून ती बरी झाली होती. तिला मारले ते फुप्फुसात उतरलेल्या तेलाने. वरातीमागून घोडे म्हणतात तसे आमचे झाले. वडील कोणाला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी दुसरी घोडी घेतली नाही.

म्हणून पहिली गोष्ट गाठीला बांधून ठेवा: घोड्याला बाटलीने, नळकांड्याने, नाकातून किंवा तोंडातून बळजबरीने कोणतेही पातळ औषध पाजू नये. डॉक्टरांजवळ लांब रबरी नळी असते. ती नाकातून घालून नेमकी जठरापर्यंत पोचवायचे शिक्षण त्यांनी घेतलेले असते. ते काम त्यांचेच.

पोटाची घडणच वेगळी

बैल आणि घोडा दोघेही गवत खातात, एवढ्यावरून ते सारखे ठरत नाहीत. बैलाच्या पोटाला चार कप्पे. पहिलाच कप्पा शंभर लिटरांवर मावेल एवढा मोठा. बैल भराभर चारा गिळतो, मग निवांत बसून रवंथ करतो. चाऱ्यात काही वाईटसाईट आले तर त्या मोठ्या कप्प्यातले जंतू बरेचसे तिथेच पचवतात, मोडून टाकतात.

घोड्याचे जठर त्या मानाने लहानसे, आठ ते पंधरा लिटरांचे. तो रवंथ करीत नाही. चारा कुजवून पचवण्याचे काम त्याच्या पोटात मागच्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या पिशवीत चालते. म्हणजे वाईट चारा आला तर तो आधी अंगात भिनतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेले वर परत येत नाही. जठर जास्त भरले, वायू कोंडला, तर ते फुटण्याची वेळ येते, पण उलटी होत नाही.

मोकळ्या माळावरचा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याचे पोट अशाच खाण्यासाठी घडलेले आहे. आपण मात्र त्याला सकाळी एक पाटी आणि संध्याकाळी एक पाटी घालतो आणि मधला सारा दिवस उपाशी उभे करतो. निम्मी दुखणी इथेच सुरू होतात.

आपल्या पूर्वजांना हा फरक ठाऊक होता. आपल्याकडे घोड्याच्या वैद्यकाचे शास्त्र शालिहोत्राच्या नावाने आणि हत्तीच्या वैद्यकाचे पालकाप्याच्या नावाने, असे वेगवेगळे सांगितले गेले. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

चारा आणि चंदी

आता घरातल्या बायामाणसांनी नीट वाचावे, कारण दावणीवर चारा टाकणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

घोड्याला दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या शंभर भागांत दीड ते दोन भाग कोरडा खुराक लागतो. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला साधारण सहा-सात किलो. त्यातला बहुतेक भाग चाऱ्याचा असावा. वाळलेले मारवेलसारखे गवत उत्तम. लसूणघास थोडी द्यावी. दादरचा कडबा द्यायचा असेल तर तो स्वच्छ, कोरडा आणि बारीक केलेला असावा. जाड बुडखे घोडी नीट चावत नाही आणि ते आतड्यात अडकून बसतात. चारा तीन-चार वेळा विभागून टाकावा. रात्रीचा चारा मोठा असावा, कारण रात्र मोठी असते.

चंदी म्हणजे दाण्याचा खुराक. ती कामाच्या मानाने द्यावी. वरातीचा हंगाम नाही, घोडी उभीच आहे, तर चंदी अगदी थोडी. हरभरा भिजवून, मूठभरापासून सुरुवात करून. त्यात गव्हाचा कोंडा मिसळावा. एका वेळेला दीड किलोपेक्षा जास्त दाणा कधीच देऊ नये. नवा चारा किंवा नवा दाणा सुरू करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. एकाएकी बदल केला की पोट बिघडलेच म्हणून समजा.

खानदेशातल्या घरांत चार गोष्टींना विशेष जपावे.

पहिली, बुरशीचा मका. आपल्याकडे मका भरपूर पिकतो आणि अवकाळीत भिजलेला, काळवंडलेला मका "जनावरांना होईल" म्हणून बाजूला काढला जातो. बैल तो खाऊन बहुधा निभावतो. घोड्याच्या मात्र त्या बुरशीतल्या विषाने मेंदूचा भाग नासतो. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला डोके लावते, गोल गोल फिरते आणि दोन-तीन दिवसांत दगावते. त्यावर औषध नाही. भिजलेल्या, वास येणाऱ्या कडब्याचेही तेच: घोड्याला घालू नये.

दुसरी, हिरवी ज्वारी. कोवळ्या पोग्याची ज्वारी बैलाला लागते हे आपण जाणतो. घोड्याला ती आणखी एका तऱ्हेने बाधते. आठवडे-महिने हिरव्या ज्वारीवरच ठेवलेल्या घोडीचे मूत्राशय निकामी होते, लघवी सतत ठिबकते आणि मागचे पाय लटपटू लागतात. कधीमधी घातलेल्या पेंडीने हे होत नाही, पण रोजचा चारा म्हणून ती नको.

तिसरी, कोंबड्यांचे तयार खाद्य. त्यात पुष्कळदा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते कोंबडीला मानवते, बैलालाही थोडेफार सोसते, पण घोड्याच्या हृदयाला फार थोडे प्रमाणही प्राणघातक ठरते. गायीगुरांच्या काही तयार खाद्यांतही ते असते. म्हणून घोड्याला गुरांचे किंवा कोंबड्यांचे पोत्यातले खाद्य घालूच नये. खुराड्याजवळ घोडी मोकळी सोडू नये.

चौथी, युरिया प्रक्रिया केलेला चारा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्या युरियाचे सोने करतात. घोड्याला त्याचा उपयोग नाही. तो बैलांपुरताच ठेवावा.

पाणी स्वच्छ आणि भरपूर हवे. थंडीतही पंचवीस-तीस लिटर लागते, वैशाखात त्याहून कितीतरी जास्त. थंडीच्या दिवसांत गार पाणी घोडी कमी पिते, लीद सुकते आणि पोट बांधले जाते. सारंगखेड्याहून आणलेली घोडी नेमकी थंडीतच येते, हे ध्यानात असू द्यावे. विहिरीचे ताजे, कोमट लागणारे पाणी पाजावे. दिवसाला तीसेक ग्रॅम मीठ खुराकात घालावे.

पोट दुखू लागले तर

घोड्याच्या मरणाचे एक मोठे कारण पोटशूळ. तो ओळखायला डॉक्टर लागत नाही. चारा सोडणे, पायाने जमीन उकरणे, कुशीकडे वळून पाहणे, वरचा ओठ उलटा करणे, सारखे बसणे-उठणे, लोळणे, घाम सुटणे, लीद बंद होणे. यातली दोन लक्षणे दिसली की वाट पाहू नये.

करायचे ते असे. समोरचा चारा-दाणा लगेच काढून घ्यावा. जनावरांच्या दवाखान्याला कळवावे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर जनावरांच्या डॉक्टरांची मदत मिळते. तो क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. डॉक्टर येईपर्यंत घोडी शांत उभी किंवा पडलेली असेल तर तिला तशीच राहू द्यावी. लोळून स्वतःला आपटत असेल तर मोकळ्या, मऊ जागेत हळूहळू चालवावी. तासन्‌तास पळवून दमवू नये.

डॉक्टरांना तीन गोष्टी सांगता आल्या तर त्यांचे अर्धे काम होते. नाडी: जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोट ठेवले की लागते. निरोगी मोठ्या घोड्याची मिनिटाला तीस ते चाळीस. साठाच्या वर गेली तर धोका मोठा. हिरड्या: गुलाबी, ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यावा. निळसर किंवा विटकरी झाल्या तर क्षणाचाही उशीर नको. कुशीचा आवाज: दोन्ही कुशींना कान लावला की आतड्याची गुरगुर ऐकू यावी. अगदी सामसूम असेल तर तसे सांगावे. ही तिन्ही परीक्षा घोडी बरी असताना चार वेळा करून पाहाव्यात. बरे कसे असते हे माहीत नसेल तर बिघडलेले कसे कळणार?

करायचे नाही ते असे. काहीही पाजायचे नाही. घरात पडून असलेले बैलाचे इंजेक्शन टोचायचे नाही, कारण गुरांना चालणारी काही औषधे घोड्याचे आतडे जाळतात. पोट फुगलेल्या बैलाच्या डाव्या कुशीत सुई घालतात ते पाहून घोड्याच्या कुशीत कोणी हात घालू नये. रोग म्हशीला आणि डाग पखालीला, तशातला तो प्रकार होईल.

दाणा जास्त खाल्लेल्या घोडीचे पोट एकदा उतरले तरी निर्धास्त होऊ नये. एक-दोन दिवसांनी तिचे खूर तापतात, ती पुढचे पाय लांब टाकून, टाचांवर भार देऊन उभी राहते, पाऊल उचलायला तयार होत नाही. खुराच्या आतला जिवंत भाग सुजलेला असतो. वेळेवर उपाय झाला नाही तर घोडी जन्माची लंगडी होते. खुरे गार पाण्यात उभी करावीत आणि डॉक्टरांना पुन्हा बोलवावे.

खूर, नाल आणि धनुर्वात

बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून त्याला एका पायाला दोन पत्र्या. घोड्याचे खूर एकसंध, त्याला एकच वाटोळी नाल. बैल पाडून नाल मारतात. घोड्याला पाडायचे नसते, त्याला पाय द्यायला शिकवायचे असते. खूर नखासारखे वाढत राहते. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवून घ्यावी. नाल झिजली नाही म्हणून चार-चार महिने तशीच ठेवणे ही खोटी काटकसर आहे. रोज संध्याकाळी चारही खुरे उचलून आतली माती, खडे, लीद काढावी. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

खिळा चुकून जिवंत भागात गेला किंवा कुंपणाची तार लागली, तर जखम बारीक म्हणून सोडू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतातच आणि सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वात सर्वांत लवकर धरतो तो घोड्याला. जखम होऊन आठ-पंधरा दिवस गेलेले असतात, ती आपण विसरलेलोही असतो. मग कान ताठ होतात, शेपटी ताठ होते, जबडा उघडत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा डोळ्यावर सरकतो. टाळी वाजवली तरी जनावर थरथरते. अशा अवस्थेतून फार थोडी जनावरे वाचतात.

आणि हे सगळे टाळणारी लस आहे. पहिल्या वर्षी चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा, पुढे दर वर्षी एकदा. गाभण घोडीला विण्याआधी महिना-दीड महिना एक मात्रा द्यावी. तिचे दिवस अकरा महिन्यांचे, हा हिशेब धरून तारीख आधीच लिहून ठेवावी. म्हणजे चिकातून शिंगराचेही रक्षण होते.

इथे एक गोष्ट मनाला लागते. धनुर्वात झालेल्या माणसांना वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे जे औषध दिले गेले ते घोड्याच्या रक्तातून काढलेले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावल्यावर आपल्या शेतकऱ्याला जे इंजेक्शन देतात तेही घोड्याच्याच रक्तातून तयार होते. मुंबईच्या परळच्या हाफकिन संस्थेने या कामात मोठे नाव मिळवले. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देत जातात. त्याच्या रक्तात विषावर उतारा तयार होतो आणि तो आपला जीव वाचवतो. ज्याच्या रक्ताने आपल्या घरातला माणूस वाचतो, ते जनावर आपल्याच अंगणात एका खिळ्याने आणि एका चुकलेल्या लसीने मरावे, ही लाजेची गोष्ट आहे.

बाजारातून आणलेले दुखणे

यात्रेत चार राज्यांची जनावरे एका हौदावर पाणी पितात. म्हणून नवे जनावर आणले की तीन आठवडे ते घरच्या इतर घोड्यांपासून दूर बांधावे. त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवावा.

सर्वांत भिण्याजोगा रोग ग्लँडर्स. नाकातून घट्ट, चिकट, कधी रक्ताळलेला स्राव येतो, नाकात व्रण पडतात, पायांवर, अंगावर गाठी येऊन फुटतात. तो घोडा, गाढव, खेचर यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. २००६ साली महाराष्ट्रात पाचगणी-पुणे भागात तो आढळला होता. त्यावर लस नाही. बाधित जनावरावर उपचारही करत नाहीत. कायद्याने कळवावे लागते, रक्ताची तपासणी होते आणि रोग ठरला तर जनावर नष्ट करतात. त्यासाठी सरकारी नुकसानभरपाईची तरतूद आहे. दुखणे लपवून जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा माणूस त्या घरातल्या लेकरांचा जीव धोक्यात घालतो. म्हणून घेतानाच तपासणीचा दाखला मागावा. दाखला नाही म्हणणाऱ्याकडून कितीही देखणी घोडी असली तरी घेऊ नये.

पावसाळ्यानंतर चावऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, घोडी खंगत जाते, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. यावर औषध आहे, पण रक्त तपासूनच ते द्यायचे. निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१.५ अंशांच्या आत असतो. तापमापक घरात असावा.

वेसण नाही, विश्वास

बैलाला वेसण असते. घोड्याला नाही. त्याला आपण आवरतो तो लगामाने, आणि लगाम त्याच्या तोंडातल्या सर्वांत नाजूक जागी बसतो. काही लोक घोडी अंकित राहावी म्हणून काटेरी लगाम घालतात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यांत काटेरी लगामाला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जीभ फाटलेली घोडी चंदी कशी चावणार?

घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला जवळजवळ चहूकडे दिसते, फक्त अगदी पाठीमागे आणि कपाळासमोर नाकाखाली दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये, एकदम तोंडावर हात नेऊ नये. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. मानेवर हात ठेवावा, मग पुढे. लाथ मारणारी घोडी बहुधा दुष्ट नसते, घाबरलेली असते.

जुने चाबूकस्वार शिकवण्याचे एक साधे सूत्र सांगत: दाब द्यावा आणि घोड्याने ऐकले की त्याच क्षणी दाब सोडावा. सोडणे हेच त्याचे बक्षीस. ओढतच राहिले तर ऐकून काय उपयोग, असे तो शिकतो आणि तोंडाचा बथ्थड होतो. धडा दहा-पंधरा मिनिटांचा, पण रोज. तीन वर्षांच्या आत पाठीवर माणूस बसवू नये, हाडे कोवळी असतात. वरातीच्या घोडीला बँड आणि फटाके पहिल्याच रात्री दाखवू नयेत. आधी दुरून ढोल, मग जवळून, मग माणसांची गर्दी, असे महिनाभर सवयीने न्यावे. काठीने पाय झोडून नाचायला शिकवलेली घोडी एक दिवस नवरदेवाला खाली टाकते. मग दोष घोडीचा धरतात.

आणि लग्नसराई नसली तरी तिला रोज तासभर फिरवावी. भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते: न फिरवल्यामुळे.

शेवटी त्या घोडीचे

त्या सकाळी आम्ही तिघांनी मिळून घोडी बैलांमधून सोडली. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली तिची जागा केली. खाली वाळकी माती आणि पाचोळा. पेंड बैलांना गेली, मका परत कणगीत गेला. तिच्यापुढे नुसते वाळले गवत टाकले आणि विहिरीचे ताजे पाणी ठेवले. दुपारी डॉक्टर आले, रक्ताचा नमुना घेतला, धनुर्वाताची पहिली लस टोचली. तरुणाच्या आईने स्वयंपाकघरातून कोळसा आणला आणि पुढच्या लसीची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहिली. त्याखाली १९६२.

घरी परतताना मला वडिलांची घोडी आठवली. त्या रात्री आमच्या भिंतीवर असे दोन आकडे लिहिलेले असते आणि माझ्या हातात नळकांडे नसते, तर कदाचित ती आणखी दहा वर्षे वडिलांना शेतावर नेत-आणत राहिली असती.

तुमच्या गावात कोणी यंदा घोडी आणली असेल, तर पेढे खायला जाल तेव्हा एवढे मात्र करा. आधी तिच्या गव्हाणीत डोकावून पाहा.